युक्लिड नाशिकला घेऊन जा

प्रिय मावशी,

मी मूळची नाशिकची. तिथे मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे अ‍ॅरिझोनात, चँडलरला आलो. ईएडी, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, हातात पडल्यावर इथल्या एका चार्टर शाळेत (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) लागले. ही शाळा स्वतःला ‘क्लासिकल’ म्हणवते. मुलं लॅटिन शिकतात, होमर वाचतात, कविता पाठ म्हणून दाखवतात आणि मोठ्या टेबलाभोवती बसून एखाद्या पुस्तकावर तासभर चर्चा करतात. त्याला सेमिनार म्हणतात. दोन वर्षं मी सहावी-सातवीचं गणित शिकवलं, ते सुरळीत चाललं. आता ऑगस्टपासून नववीची भूमिती माझ्याकडे आली आहे, आणि ती पाठ्यपुस्तकातून नाही, थेट प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथातून शिकवायची आहे.

हेडमास्तरांनी उन्हाळ्यात एखादी कार्यशाळा करून यायला सुचवलंय. तीन पर्याय आहेत. एका कॉलेजात पाच दिवसांची निवासी कार्यशाळा, एका हॉटेलात तीन दिवसांची परिषद (मोठमोठ्या वक्त्यांची भाषणं आहेत), आणि आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, ज्याचं शेवटी प्रमाणपत्र मिळतं. शाळा निम्मा खर्च देणार आहे. पाच दिवसांची कार्यशाळा जूनमध्ये आहे आणि नेमकं त्याच आठवड्यात नाशिकला बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे.

गेल्या वर्षी शाळेतच दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. प्रशिक्षक म्हणाले, शिक्षकाने सांगायचं नाही, फक्त विचारायचं. मग माझा एक तास बघून म्हणाले, तुम्ही फार सांगता. तेव्हापासून वर्गात तोंड उघडायची धास्तीच बसली आहे. त्या दोन दिवसांत चर्चेत मी एक शब्द बोलले नाही. बाकीच्यांच्या तोंडी प्लेटो, व्हर्जिल, सेंट ऑगस्टीन. मला लॅटिन येत नाही, बायबल माहीत नाही. नवरा म्हणतो, गणिताच्या बाईंना होमर कशाला, आणि त्यासाठी आपण पदरचे पैसे का घालायचे? मी या शाळेत उपरी तर नाही ना? कोणती कार्यशाळा करू?

— युक्लिडच्या उंबरठ्यावर, चँडलर

---

मावशी म्हटलंस, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

आधी तारखांचा गुंता सोडवू. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला जा. निवासी कार्यशाळा उन्हाळ्यातच होतात, पुढच्या उन्हाळ्यातही होतील. आणि हे मी नुसतं घरच्या कार्याकडे बघून म्हणत नाही. घरी काही कार्य नसतं, तरीही तुला मी हेच सांगितलं असतं की पाच दिवसांची कार्यशाळा यंदा नको, एक वर्ष युक्लिड शिकवून झाल्यावर कर. हॉटेलातली परिषद आणि ऑनलाइन प्रमाणपत्र, या दोन्हींवर फुली मार. का, ते पुढे येईलच.

आता ‘तुम्ही फार सांगता’ या वाक्याकडे वळते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे.

शिक्षकाने सांगायचं नाही, फक्त विचारायचं, हे सॉक्रेटिसच्या नावावर खपवलं जातं. (हेच दोन दिवस सांगत बसलो, हे तुझ्या त्या प्रशिक्षकांच्या ध्यानात आलं नसावं.) याचा दाखला म्हणून नेहमी दिला जाणारा प्रसंग प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात आहे, आणि तू गणिताची असल्यामुळे तुला तो इतरांपेक्षा चांगला वाचता येईल. सॉक्रेटिस मेनोच्या पदरी असलेल्या एका गुलाम मुलाला पुढे बोलावतो. एक चौरस काढतो. बाजू दोन फूट, म्हणजे क्षेत्रफळ चार. विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू किती घ्यायची? मुलगा ठोकून देतो, दुप्पट, म्हणजे चार. काढून बघतात तर क्षेत्रफळ सोळा भरतं. बरं, मग तीन? तेही काढून बघतात. नऊ. आठ काही केल्या येत नाहीत. शेवटी मुलगा म्हणतो, देवाशपथ, मला माहीत नाही. तेव्हा सॉक्रेटिस मेनोकडे वळून म्हणतो की बघ, मघाशी याला वाटत होतं की आपल्याला येतं. आता निदान कळलंय की येत नाही, म्हणजे हा आधीपेक्षा बराच आहे.

इथवरचा भाग सगळे प्रशिक्षक सांगतात. पुढचा सांगत नाहीत. पुढे कर्ण कोण काढतं? तो मुलगा नाही, सॉक्रेटिस स्वतः काढतो. चार चौरस एकमेकांना लागून मांडतो, प्रत्येकात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ ओढतो आणि विचारतो, ही रेघ प्रत्येक चौरसाचे दोन सारखे भाग करते ना? मग या आतल्या तिरक्या चौरसात असे किती भाग आले? चार अर्धे, प्रत्येकी दोन, झाले आठ. जाणकार मंडळी या रेघेला कर्ण म्हणतात, हेही तोच सांगून टाकतो. म्हणजे रेघही त्याने दिली आणि तिचं नावही त्यानेच दिलं. त्याने पाळलं काय, तर वेळ. मुलाची दोन्ही चुकीची उत्तरं पूर्ण बाहेर येऊ दिली, ती आकृतीवर तपासू दिली, ‘माहीत नाही’ हे त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबला, आणि मगच हात घातला. तुझा तास बघणाऱ्याने तुला एवढंच विचारायला हवं होतं की, तू जे सांगतेस ते कधी सांगतेस? मुलांची चुकीची उत्तरं फळ्यावर येण्याआधी की नंतर?

जाता जाता आणखी एक. चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस दुप्पट होतो, हे बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आहे, वेदी आखायच्या दोरीच्या भाषेत. तिथे नियम दिलेला आहे, तो का हे दाखवलेलं नाही. दोन्ही उतारे वर्गात शेजारी-शेजारी ठेवलेस तर छान तास होईल. मात्र ‘आमच्याकडे हे होतंच’ हा सूर लावू नकोस. तो लागला की समोरचे मान डोलावतात आणि चर्चा तिथेच बसते.

आणि सरळ सांगण्यात कमीपणा काय आहे? मॉर्टिमर अ‍ॅडलर हे अमेरिकन तत्त्वज्ञ म्हणजे या सगळ्या सेमिनारवाल्यांचे मोठे पूर्वज. त्यांनी १९८२ साली ‘पायडिया प्रपोजल’ मांडलं, त्यात शिकवण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. माहिती थेट सांगणं हा पहिला. कौशल्य सरावाने घटवून घेणं हा दुसरा. पुस्तकातल्या कल्पनांवर प्रश्नांमधून चर्चा घडवणं हा तिसरा. तिन्ही लागतात आणि एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अपूर्णांकांचा भागाकार सेमिनार घेऊन शिकवायला बसलीस तर नाताळ उजाडेल. तुझी दोन वर्षं सुरळीत गेली ती सांगितल्यामुळे आणि सराव घेतल्यामुळेच गेली. नववीत आता तिसऱ्या प्रकाराची भर घालायची आहे, एवढंच.

आता ‘क्लासिकल’ या पाटीबद्दल. कार्यशाळा निवडताना तेवढी पाटी वाचून भागत नाही, कारण त्याखाली निरनिराळी मंडळी बसलेली आहेत. एक घराणं अ‍ॅनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजचं. तिथे १९३७ पासून सगळा अभ्यासक्रम मूळ ग्रंथांवर चालतो. शिकवणाऱ्यांना प्रोफेसर म्हणत नाहीत, ट्यूटर म्हणतात, आणि गणितवाल्याने ग्रीक शिकवायचं, ग्रीकवाल्याने गणित, ही तिथली रीतच आहे. पहिल्या वर्षाची मुलं युक्लिडची प्रमेयं फळ्याशी उभी राहून सिद्ध करून दाखवतात. १९६४ साली त्यांनी न्यू मेक्सिकोत सांता फेला दुसरी शाखा काढली. तुझ्या चँडलरहून गाडीने एका दिवसात पोचशील.

दुसरं घराणं डोरोथी सेयर्स या इंग्रज बाईंच्या १९४७ सालच्या ऑक्सफर्डमधल्या एका निबंधातून निघालं. बाई रहस्यकथा लिहिणाऱ्या आणि मध्ययुगीन साहित्याच्या अभ्यासक. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही मध्ययुगातली विद्येची त्रयी. तिला त्यांनी मुलांच्या वयाचे टप्पे जोडले. लहान मुलं पोपटासारखी पाठ करतात, मधली हुज्जत घालतात, मोठ्यांना स्वतःचं काही मांडायचं असतं. आयडाहो राज्यातल्या मॉस्को नावाच्या गावात १९८१ साली याच विचारावर एक ख्रिस्ती शाळा निघाली, तिच्या संस्थापकाने १९९१ साली पुस्तक लिहिलं, आणि पुढे अशा शाळांचं पेवच फुटलं. तिसरी मंडळी म्हणजे तुझ्यासारख्या चार्टर शाळा. अ‍ॅरिझोनात चार्टरचा कायदा १९९४ साली झाला. मिशिगनच्या हिल्सडेल कॉलेजनेही २०१० पासून देशभर क्लासिकल चार्टर शाळा उभ्या करायला हात दिला आहे. या शाळा पहिल्या दोन्ही घराण्यांतून हवं ते उचलतात.

सेयर्सबाईंच्या घराण्याची कार्यशाळा असेल तर पहिल्याच सकाळी पडद्यावर तीन रकान्यांचा तक्ता येईल. पहिली ते पाचवी पाठांतर, सहावी ते आठवी तर्क, नववीपासून वक्तृत्व. तो पवित्र मानू नकोस. मध्ययुगात हे तीन शिकायचे विषय होते, वयाचे टप्पे नव्हते. बाईंनीही आपली बालमानसशास्त्राची मतं काही प्रस्थापित शास्त्राला धरून नाहीत, आपण आपलंच लहानपण आठवून सांगतो आहोत, अशी कबुली त्याच निबंधात दिली आहे. अभ्यासक्रम आखायला तक्ता बरा आहे. पण चौथीतली मुलगी ‘असं का?’ विचारते तेव्हा तिला तुझा तर्काचा टप्पा अजून यायचाय असं सांगणारे शिक्षक तयार होतात, हे मी पाहिलेलं आहे.

आता तुझे तीन पर्याय. हॉटेलातल्या परिषदेत भाषणं चांगली असतील, जेवणही चांगलं असेल. तीन दिवस अंगात वारं भरल्यासारखं होतं आणि वर्ग सुरू झाला की आठवड्यात ओसरतं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक जोडीने १९८० च्या दशकातच लिहून ठेवलंय की नुसतं ऐकलेलं वर्गात उतरत नाही. करून बघावं लागतं, आणि आपल्याच वर्गात कुणीतरी सोबत राहून पुन्हापुन्हा बघावं लागतं. ऑनलाइन कोर्स आधी ध्वनिमुद्रित केलेल्या व्याख्यानांचा आणि चाचण्यांचा असेल तर त्यातही तेच. शिवाय त्या प्रमाणपत्राचं तू करणार काय? अ‍ॅरिझोनात चार्टर शाळेत गणित शिकवायला राज्याचं शिक्षक-प्रमाणपत्र सक्तीचं नाही. (टेक्सासच्या वाचकांनी मात्र वेगळा हिशेब करावा. तिथे राज्याचं प्रमाणपत्र टिकवायला पाच वर्षांत १५० तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, त्यामुळे मान्य तास कोण देतो हा तिथे कामाचा प्रश्न आहे.)

उरली निवासी कार्यशाळा. ती चांगली असू शकते. तिथे पाच दिवस तुला विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसवत असतील, रोज नेमलेला उतारा आदल्या रात्री वाचायला लावत असतील, दुसऱ्या दिवशी त्यावर वाद होत असेल आणि एकदा तरी तुला चर्चा चालवायला देऊन मागून कुणी टिपणं काढत असेल, तर पैसे वसूल. अर्ज करण्याआधी आयोजकांना लिहून विचार की, वाचनाची यादी मिळेल का? दिवसातले किती तास भाषण आणि किती तास टेबलाभोवती? गणिताच्या शिक्षकांसाठी युक्लिड आहे का, की सगळ्यांना होमरच? यादीत ‘शिक्षण कसं असावं’ याविषयीचीच पुस्तकं असतील आणि एकही मूळ ग्रंथ नसेल, तर नाव घालू नकोस.

पण हे सगळं पुढच्या वर्षी. आत्ता गेलीस तर तू तिथे विचारशील की सेमिनार कसा घ्यायचा, आणि त्याचं उत्तर म्हणून एक फाइल मिळेल. वर्षभर शिकवून गेलीस तर विचारशील की विसाव्या प्रमेयाला माझा वर्ग का बसला, आणि त्यावर तिथले लोक तुझ्याशी दोन तास बोलतील.

मग यंदा काय करायचं? युक्लिड नाशिकला घेऊन जा.

तू स्वतःला रिकाम्या हाताची समजतेस याचं मला नवल वाटतं. नाशिकच्या शाळेत फळ्यावर ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘रचना’, ‘सिद्धता’ हे मथळे तू शेकडो वेळा लिहिले असशील. युक्लिडचं प्रमेय त्याच वाटेने चालतं. आधी विधान, मग आकृतीतली अक्षरं घालून दिलेलं काय आणि दाखवायचं काय, मग रचना, मग सिद्धता, आणि शेवटी ‘हेच सिद्ध करायचं होतं’. तुझ्या साहित्यवाल्या सहकाऱ्यांना हे वळण पडायलाच एक सत्र जाईल.

पहिलंच प्रमेय घे. दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढायचा आहे. एका टोकाला केंद्र धरून तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ, दुसऱ्या टोकाला केंद्र धरून दुसरं वर्तुळ, ती दोन्ही छेदतात तो बिंदू दोन्ही टोकांना जोडायचा, झालं. सातवीतही कंपास घेऊन हे करतात. आता वर्गाला विचार, ही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात हे कशावरून? मुलं म्हणतील, दिसतंय की! मग सांग, युक्लिडची पाच गृहीतकं समोर आहेत, यातल्या कोणत्या गृहीतकावरून हे निघतं ते दाखवा. शोधतील. सापडणार नाही, कारण ते तिथे नाहीच. युक्लिडने ते न बोलता धरून चाललंय, आणि अशा फटी बुजवून भूमितीची मांडणी नव्याने केली ती जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९९ साली. पण हिल्बर्टचं नाव लगेच काढू नकोस. ‘दिसतंय’ आणि ‘सिद्ध झालं’ यांतल्या फरकावर नववीची मुलं आपणहून अर्धा तास भांडतील. तुझा पहिला सेमिनार तो, आणि त्यासाठी होमर लागला नाही.

पहिल्या भागात एकूण ४८ प्रमेयं आहेत. पाचव्याला, म्हणजे समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळचे कोन समान असतात या प्रमेयाला, युरोपात ‘गाढवांचा पूल’ असं नाव पडलं होतं, इतकी मुलं तिथे अडकायची. विसावं म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीहून मोठी असते. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे अनुयायी यावर हसायचे की हे तर गाढवालाही कळतं, गवताकडे ते सरळच चालत जातं, मग सिद्ध काय करायचं? युक्लिडचा जुना भाष्यकार प्रोक्लस याने हा आक्षेप नोंदवून त्याला उत्तरही दिलंय. तू उत्तर देऊ नकोस, आक्षेपच वर्गापुढे टाक. समांतर रेषांचं पाचवं गृहीतक मांडून ठेवलंय सुरुवातीला, पण वापरायला काढलंय थेट २९ व्या प्रमेयात. इतका वेळ ते का टाळलं असेल, हाही एक प्रश्न आहे. सत्तेचाळिसावं पायथागोरसचं.

नाशिकला रोज सकाळी चहा झाला की एक प्रमेय. वाचायचं, पुस्तक मिटायचं, कागदावर स्वतः सिद्ध करायचं, अडलं तरच उघडायचं. घरात नववी-दहावीतलं भाचरू किंवा पुतणी असेलच. तिला समोर बसवून मराठीत सिद्ध करून दाखव. ती म्हणेल, आमच्या पुस्तकात असं नाहीये. तिला विचार, मग कसं आहे? दोन्ही लावून बघा. इंग्रजीत बोलताना वाक्य जुळवण्यात तुझं अर्धं लक्ष जात असणार. मराठीत कळेल की अडतंय ते भाषेत की गणितात.

ऑगस्टमध्ये आल्यावर दोन सहकारी गाठ. गणिताचे नकोत, एक लॅटिनचा आणि एक साहित्याचा. आठवड्यातून एकदा पाऊण तास, मुलं गेल्यावर. एका आठवड्यात तू फळ्याशी उभी राहून प्रमेय सिद्ध करायचंस आणि त्यांनी जिथे पटणार नाही तिथे अडवायचं. पुढच्या आठवड्यात त्यांनी होमरच्या वीसेक ओळी आणायच्या आणि तू अडवायचंस. शिवाय महिन्यातून एकदा त्यांच्यातल्या एकाने तुझ्या तासाला मागे बसावं आणि एकच गोष्ट मोजावी, प्रश्न विचारल्यावर तू किती सेकंद थांबतेस. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हे वर्गांमध्ये मोजलं होतं, शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो थांबा तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येऊ लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहून थांबून बघ.

आता उपरेपणाचं. बाकीच्यांच्या तोंडी ऑगस्टीन असतो म्हणतेस. चांगल्या सेमिनारचा नियम असा की टेबलावर जो उतारा उघडा आहे तेवढाच बोलतो, बाहेरचा मोठा माणूस साक्षीला बोलवायचा नाही. सेंट जॉन्सला हे कटाक्षाने पाळतात. तेव्हा कुणी व्हर्जिल फेकायला लागला की तू शांतपणे विचार, हे या पानावर कुठे आहे? उद्धटपणा नाही, तो तिथला शिष्टाचारच आहे, आणि गणितवाल्यांना तो जन्मजात येतो. पहिल्यांदा तोंड उघडायला याहून सोपं वाक्य नाही.

लॅटिनचा एवढा बाऊ करू नकोस. आठवीपासून संस्कृत घेतलं असशील तर देव शब्द चालवलेला आहेस. आठ विभक्ती आणि तीन वचनं केलेल्या बाईला लॅटिनच्या तक्त्यांची भीती कसली, त्यात द्विवचनही नाही. सहावीच्या लॅटिनच्या तासाला रिकाम्या वेळात मागे जाऊन बस, मुलांनाही गंमत वाटेल.

बायबलबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू दे. तुझी चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, तिथे धर्माची शिकवण देता येत नाही. बायबल वाचलं तर साहित्य म्हणून, इतिहास म्हणून. पण कार्यशाळा घेणाऱ्या संस्था खासगी असतात आणि त्यांतल्या बऱ्याच उघडपणे ख्रिस्ती आहेत. सकाळ प्रार्थनेने सुरू होऊ शकते. तुला चालत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आधी माहितीपत्रक नीट वाच आणि हेडमास्तरांना तसं सांग. त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

हेडमास्तरांनी ‘सुचवलंय’ म्हणतेस, हुकूम दिलेला नाही. म्हणून गप्प राहून नाशिकला निघून जाऊ नकोस, आत्ताच लिही. चार ओळी पुरेत: जूनमध्ये घरी वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यामुळे कार्यशाळा पुढच्या उन्हाळ्यात करीन. यंदा सुट्टीत युक्लिडचा पहिला भाग पूर्ण करून येते. ऑगस्टपासून अमुक दोन सहकाऱ्यांबरोबर आठवड्याला पाऊण तास बसायला परवानगी द्या. आणि यंदाचे वाचलेले पैसे पुढच्या वर्षी पूर्ण खर्चासाठी धरता येतील का ते बघा. शेवटचं वाक्य खोडू नकोस. मराठी माणूस नेमकं तेच खोडतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी केंद्राकडून ‘टायटल टू’ या नावाने निधी येतो आणि तो चार्टर शाळांनाही मिळू शकतो. तुमच्या शाळेला मिळतो का, हे ऑफिसात विचारायला काही लागत नाही.

नवऱ्याचा पैशाचा मुद्दा रास्त आहे. शाळेने दिलेल्या कामाची तयारी शाळेच्या खर्चाने व्हावी, त्यात मी त्यांच्याच बाजूने आहे. तरी पुढच्या वर्षी काही पदरचं गेलंच तर पावत्या जपून ठेवा. शाळेत वर्षाला ९०० तास भरणाऱ्या शिक्षकांना स्वतःच्या खिशातून केलेल्या अशा खर्चापैकी ठरावीक रक्कम (२०२५ साली ही मर्यादा ३०० डॉलर होती) आयकरात उत्पन्नातून वजा करता येते, आणि प्रशिक्षणाची फी त्यात धरतात. आकडा बदलत असतो, त्या-त्या वर्षीचा बघून घ्या.

यंदा घरच्या पैशातून फक्त पुस्तक घे. टॉमस हीथ यांचं इंग्रजी भाषांतर चांगलं आहे. सांता फेच्या ग्रीन लायन प्रेसने तेराही भाग एका खंडात काढले आहेत. हीथच्या टिपा गाळल्यामुळे ते बॅगेत मावतं. टिपांसकटची तीन खंडांची आवृत्ती डोव्हरची आहे. ती लायब्ररीतून आण आणि चँडलरलाच ठेव, नाहीतर परतीच्या बॅगेत चिवड्याला जागा उरायची नाही.